गारगोटीच्या पोटातले व्याही

“ओ तात्या! वर या, वर! वात पेटलीय!”

“पेटू द्या,” विहिरीच्या भिंतीतून आवाज आला. “मला आत्ता कुठं जरा बरं वाटून राह्यलंय.”

“अहो, सुरुंगाची वात! सुरुंगाची!”

“मिस्त्री, वरडू नका. गुण जातो.”

विहिरीच्या काठावर मी, माझा जोडीदार म्हादू, विहिरीचे मालक किसनराव आणि निम्मं गाव. खाली तळाच्या भोकांत जिलेटिनच्या कांड्या ठासलेल्या, वाता सापासारख्या सुसकारत होत्या. आणि तळापासून पुरुषभर उंचीवर, भिंतीतल्या एका पोकळीत, किसनरावांचे होणारे व्याही मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. हे तात्या म्हणजे परतूरच्या मोंढ्यातले नावाजलेले अडते. धान्याची पोती मोजता मोजता स्वतःच पोत्याच्या आकाराला गेलेले.

“मिस्त्री, किती वेळ हाय?” किसनरावांनी माझा दंड धरला.

“तंबाखू मळून होईस्तोवर.”

“कुणाची? तुमची का म्हादूची?”

प्रश्न रास्त होता. म्हादू तंबाखू मळायला बसला की उन्हाळ्याचा पावसाळा व्हायचा.

आता तात्यांना आपण थोडा वेळ तिथंच बसू देऊ. त्यांना बरं वाटतंय. तोवर हा धंदा काय असतो ते तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या पोटात गोळा कुठं यायला पाहिजे ते बराबर कळेल.

संपादक मला म्हणाले, “मिस्त्री, दिवाळी अंकासाठी विहिरींचे अनुभव लिहा, पण खरेखुरे.” मी म्हटलं, खरेखुरे लिहायला मला पाऊण पान पुरेल, बाकीच्या पानांवर तुम्ही फटाक्यांच्या जाहिराती छापा. ते गप्प बसले. त्या अर्थी परवानगी मिळाली.

मी विहिरी फोडायचो. खणायचो म्हणत नाही, खणणं हे उंदराचं काम. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, तालुका होता, आणि बाहत्तरच्या दुष्काळानं धडा दिल्यामुळे ज्याला त्याला विहीर हवी होती. मी एका गावात बार उडवला की शेजारच्या गावातल्या म्हशी दूध द्यायच्या थांबायच्या. कुंभार पिंपळगावच्या शिवारात मी एकदा असा बार दिला की तिकडं पार धावड्याला एका माणसाच्या हातातला कप फुटला. धावडं कुठं, पिंपळगाव कुठं. पण तो माणूस मला पुढं एका लग्नात भेटला आणि त्यानं स्वतः सांगितलं. त्याला कप आधीच तडकलेला होता का असं विचारायचं मला सुचलं नाही.

या धंद्यात मला भाव होता तो एका जन्मजात गोष्टीमुळे. मी पायाळू. सगळी माणसं जगात डोक्यानं येतात, मी पायांनी आलो. सुईण सांगायची, हा उभाच बाहेर आला आणि आल्या आल्या विचारलं, पाणी किती हातांवर लागलं? पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं, पुरलेलं धन दिसतं, अशी आपल्याकडं पक्की समजूत. माझ्या बायकोचं म्हणणं, “यांना जमिनीखालचं सगळं दिसतं. चुलीवर उतू जाणारं दूध तेवढं दिसत न्हाई.”

पायाळूचा दुसरा उपयोग म्हणजे लाथ. पाठीत उसण भरली, कंबर धरली, की पायाळूनं सकाळच्या पारी उपाशीपोटी पाठीला लाथ लावायची. लावली की उतार. विहिरीच्या कामावर जाईन तिथं सकाळी वाकलेल्या माणसांची रांग असायची. एकदा पोलीस जमादार आला, विळ्यासारखा वाकडा झालेला. म्हणाला, “मार. पण कुणाला सांगायचं न्हाई.” मी म्हटलं, “साहेब, वर्दी तेवढी उतरवा. वर्दीला लाथ मारली तर तुम्हीच मला आत घालाल.” त्यानं सदरा काढला. मी लावली. जमादार ताडकन सरळ झाला आणि हात सवयीनं माझ्या मानगुटीकडं गेला. मग आठवलं, तेव्हा सोडली. असा माझा दवाखाना चालायचा, फुकट. लाथेचे पैसे घेतले तर गुण येत नाही.

आता विहीर. वरची काळी माती निघाली की मुरूम. मुरूम संपला की मांजऱ्या दगड, भोकाभोकाचा, शिळ्या जाळीदार अनरशासारखा. त्याखाली काळा पाषाण. तो टिकावाला भीक घालत नाही. मग एकानं पहार धरायची, दोघांनी आळीपाळीनं घण घालायचे, असं हातभर खोल भोक पाडायचं. त्यात जिलेटिनची कांडी, कांडीला टोपी, टोपीला वात. वात लावायची आणि यारीनं वर यायचं. यारी म्हणजे काठावर उभा केलेला वासा आणि चाक. दोरानं लोखंडी टोपलं खाली सोडायचं, दगड भरायचे, चाक फिरवून वर ओढायचे. माणसंही त्याच टोपल्यातून. म्हादू यारीवर असायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वात लावायच्या आधी विहीर मोकळी आहे का ते बघणं. वरून वाकून सगळं दिसत नाही. म्हणून आमचा एक कायदा होता. विहीर ही देवी. तिच्यात पायताण घालून उतरायचं नाही. उतरणाऱ्यानं जोडा काठावर काढायचा, तोंड विहिरीकडं करून. काठावर जितके जोड, तितकी माणसं आत. काठ मोकळा तर विहीर मोकळी. मग “बार हाय रे, बार!” अशी आरोळी ठोकायची आणि वात लावायची. हा हिशेब माझ्या उभ्या आयुष्यात कधी चुकला नाही. म्हणजे एकदाच.

तर किसनराव. पिंपळगावच्या बाजाराला पायी जाता येईल अशा एका गावात यांची मोसंबीची बाग लावायची इच्छा आणि मुलाचं लग्न करायची घाई. गावाचं नाव सांगत नाही, अजून भांडतील. मुलगा दिगंबर. त्याला परतूरच्या तात्यांची मुलगी सुमन सांगून आली. सगळं जुळलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली. आणि सुमननं बापाला सांगितलं, “ओढ्यावरून हंडे वाहायचे असतील तर मी त्या गावाला न्हाई जायची.” तात्यांनी ते किसनरावांना मोंढ्यातल्या आवाजात सांगितलं. “इवाई, आधी विहिरीला पाणी, मंग मांडवाला मेढी.”

मी किसनरावांचं रान अनवाणी फिरलो आणि एका जागी उभा राहिलो. म्हटलं, “इथं पाताळगंगा आहे.” खरं सांगायचं तर तिथं बाभळीची सावली होती. पण पायाळू थांबला म्हणजे थांबला. काम सुरू झालं. मुरूम गेला, मांजऱ्या गेला, काळा लागला. पाणी नाही. किसनराव रोज काठावर यायचे, माझ्या पायांकडं बघायचे आणि जायचे.

आणि एक दिवस भिंतीकडच्या बाजूनं दगड उडाला तो पलीकडं पोकळी. आत बॅटरी मारली आणि माझ्या हातातून बॅटरीच पडली. अहो, कुणीतरी आत खडीसाखरेचं दुकान मांडलेलं! वर, खाली, बाजूंनी स्फटिक. काही करंगळीएवढे, काही मक्याच्या कणसाएवढे, सहा सहा बाजूंचे, टोकदार, पारदर्शक. कोपऱ्यात जांभळे, कोवळ्या वांग्याच्या रंगाचे. म्हादूनं आत डोकं घातलं आणि बाहेर काढून मला म्हणाला, “मिस्त्री, आपुन मेलो का?”

आपण ज्याला गारगोटी म्हणतो, चकमकीला वापरतो, तीच ही. रानात लोळताना भिकाऱ्यासारखी, इथं लग्नातल्यासारखी नटलेली. पण आमच्यात हे कुणाला ठाऊक? गावच्या शाळेतले साळवे गुरुजी आले. बौद्धवाड्यातले, शिकलेले, नवसाला, अंगाऱ्याला हाड् म्हणणारे. टोपल्यातून खाली उतरले, बघितलं आणि तिथूनच गावाला धडा शिकवायला लागले. गाव काठावर ओणवं झालेलं.

“लोकहो, चमत्कार न्हाई हा! फार पूर्वी इथं जमिनीतून वितळलेला दगड वाहत होता. पिठल्यासारखा! पिठल्याला कसे बुडबुडे येतात? तसे यालाही आले. दगड थिजला, बुडबुडे पोकळ राह्यले. मंग पावसाचं पाणी झिरपलं, त्यात दगडातली गार विरघळली, ती या पोकळीत थेंबाथेंबानं बसत गेली. पाकात दोरा सोडला की खडीसाखर धरती, बराबर तशी! लाखो वर्षं चाललं हे काम.”

“लाखो वर्षं बिनमजुरीचं?” म्हादूनं विचारलं.

मग गुरुजींनी एकेक खडा दाखवायला सुरुवात केली, आणि तिथं घोटाळा झाला. एका स्फटिकाच्या पोटात दुसरा बारका स्फटिक दिसत होता, सावलीसारखा. गुरुजी म्हणाले, “याची वाढ मधी थांबली, वर धूळ बसली, आणि पुन्हा वाढ झाली. म्हणून आतला दिसतोय.” झालं. काठावरच्या बायांनी ऐकलं ते एवढंच, की दगडाच्या पोटात लेकरू आहे. संध्याकाळपर्यंत त्या खड्याला लेकुरवाळी नाव पडलं आणि त्याच्यापुढं खणानारळ आला.

दुसरा खडा मधोमध तडकून पुन्हा सांधलेला होता. गुरुजी म्हणाले, “हा जमिनीच्या हिसक्यानं मोडला. पण गारेचं पाणी येतच होतं, म्हणून ह्यो आपला आपणच जुळून आला.” दुसऱ्या दिवशी हात मोडलेली दोन माणसं हजर. “ज्यानं आपलं हाड आपण बसवलं,” एकजण मला म्हणाला, “तो माझं काहून बसवणार न्हाई?”

जांभळ्याबद्दल गुरुजी म्हणाले की लोखंडाचा अंश उतरल्यानं तो रंग येतो. अशक्तपणा असलेली सगळी मंडळी जांभळ्यापुढं बसू लागली. टोक वर असलेला डोकेदुखीवर, टोक खाली असलेला पोटदुखीवर, एकमेकाला चिकटलेली जोडी नवराबायकोच्या भांडणावर. गुरुजी जितकं शास्त्र सांगत, तितके रोग वाढत. शेवटी त्यांनी बोलणं बंद केलं, तर लोक म्हणाले, मौन धरलंय, म्हणजे काहीतरी मोठं आहे. त्यात त्यांची आईच एक दिवस गुडघे घेऊन पोकळीत जाऊन बसली.

“आई, वर ये! ही अंधश्रद्धा हाय!” गुरुजी काठावरून.

“आले रे, आले. डावा गुडघा झालाय, उजवा होऊ दे.”

पण सगळ्यांचा राजा होता एक पेरूएवढा खडा. स्वच्छ, आरपार. आणि त्याच्या आत पाण्याचा थेंब. थेंबात बुडबुडा. खडा कलता केला की गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखा तो बुडबुडा इकडून तिकडं जायचा. गुरुजींचाही आवाज हे सांगताना खाली आला. म्हणाले, “खडा तयार होताना हे पाणी आत कोंडलं गेलं. माणूस नव्हता तेव्हाचं हे पाणी हाय.”

किसनरावांनी खडा हातात घेतला, हलवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “म्हंजे मिस्त्री, विहिरीला पाणी लागलं म्हणायचं.”

मी त्या दिवशी जेवलो नाही.

त्यात माझं स्वतःचं दुकान बसलं. सकाळची वाकलेली रांग माझ्यासमोरून जायची, मी पाय उचलून तयार, आणि ते म्हणायचे, “राहू द्या मिस्त्री, आम्ही गारंत बसतो.” जमादारसुद्धा आला आणि परभारे टोपल्यात बसला. पायाळू माणसाला एका दगडानं हरवलं, आणि तो दगडही मीच फोडून बाहेर काढलेला.

पण खरं संकट वेगळं होतं. गाव बार उडवू देईना. “हादऱ्यानं खडे गळतील. दवाखाना उडवता का आमचा?” विहीर तिथंच थांबली. किसनरावांची अवस्था बघवेना. त्यांच्या विहिरीत रोज नारळ पडत होते, उदबत्त्या जळत होत्या, परगावच्या बैलगाड्या येत होत्या, आणि पाणी तेवढं नव्हतं. तात्यांचा निरोप आला की पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो, पाणी दिसलं तर सुपारी, न्हाई तर राम राम. दुसरं स्थळ तयारच होतं.

दिगंबर माझ्याकडं आला. अबोल पोरगा. त्यानं सुमनला एकदाच बघितलं होतं, तेही चहाच्या कपाच्या आडून. “मिस्त्री,” म्हणाला, “काई करा.” बस्स, एवढंच. पण असं म्हणाला की मी ताडकन उठलो आणि चावडीवर जाऊन गावाला वचन दिलं. पोकळीच्या समोरच्या कोपऱ्यात, तळाला, एकच बार देईन. एक खडा हलला तर पायाळूपण सोडीन. ते कसं सोडतात मला माहीत नव्हतं, पण लोकांना पटलं.

बाजाराचा दिवस आला. मी सकाळीच भोकं भरून ठेवली आणि लांब ओढ्याकडच्या झाडाखाली भाकरी खायला बसलो. इतक्यात तिकडं विहिरीवर तात्या आले, तेव्हा तिथं म्हादू एकटाच. बैलगाडीच्या धक्क्यांनी त्यांच्या पाठीत उसण भरलेली, असे वाकलेले की बूट सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. पोकळीची कीर्ती परतूरपर्यंत गेलेलीच. म्हणाले, “पाणी मंग बघू. आधी मला गारंत बसवा.” व्याह्याला नाही कोण म्हणणार? म्हादूनं त्यांना टोपल्यात घातलं, पोकळीत उतरवलं आणि मला सांगायला निघाला. वाटेत तंबाखूचं एक पान मागायला थांबला.

कायद्याप्रमाणे तात्यांनी बूट काठावरच काढले होते. तोंड विहिरीकडं करून. पण ते दिगंबरनं पाहिले. होणाऱ्या सासऱ्याचे नवे कोरे बूट, उन्हात, धुळीत, बाजाराची माणसं येता-जाता! कुणी उचलले तर? आणि धूळ केवढी बसलीय! पोरानं ते अदबीनं उचलले आणि घरी नेऊन खोबरेल तेलानं पुसत बसला.

मी भाकरी खाऊन आलो. काठ बघितला. एक जोडा नाही. विहीर मोकळी. “बार हाय रे, बार!” आरोळी दिली. तात्यांनी ती ऐकली. त्यांनी पुढं सांगितलं की बाजारात कुणीतरी काहीतरी विकत असेल असं त्यांना वाटलं. मी खाली उतरलो, वाता लावल्या, पोकळीकडं ढुंकून बघितलं नाही, यारी ओढायला उभ्या असलेल्या गड्यानं मला वर घेतलं. गाव कानांवर हात ठेवून उभं. आणि दिगंबर चकाकणारे बूट घेऊन आला.

“मिस्त्री, मामा वर आले का? बूट आणलेत.”

“कोण मामा?”

तेवढ्यात म्हादूही आला, हातावर तंबाखू. त्यानं बूट बघितले, मला बघितलं आणि तंबाखू सांडली. इथून पुढचं तुम्ही सुरुवातीला ऐकलंच आहे.

मी टोपल्यात उडी मारली. “सोड!” म्हादूनं चाक असं सोडलं की मी खाली पोचलो आणि माझी टोपी वरच राहिली, हवेत. पोकळीच्या तोंडाशी जाऊन म्हणालो, “तात्या, चला!”

“चलतो. पाय बधिर झालाय.”

ओढले. निघेनात. पोकळीचं तोंड अरुंद. मगाशी हळूहळू सरकत गेलेले तात्या आता बैठक मारून फुलले होते. वाता तोडाव्यात म्हटलं तर त्या कधीच भोकांच्या आत शिरल्या होत्या, धुराचा शेंडा तेवढा दिसत होता. मी काय केलं? मीही आत शिरलो. तात्यांच्या पोटावरून, त्यांची माफी मागत, पलीकडं. मग दोघांनी मिळून टोपलं तोंडाशी ओढलं, दारासारखं.

“मिस्त्री,” तात्या अंधारात म्हणाले, “तुम्हालाबी पाठीचं हाय का?”

आणि बार उडाला.

मी आयुष्यभर बार दिले, पण बाराच्या शेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. आधी आवाज येतच नाही. आधी दात येतात, एकमेकांवर. मग आवाज. मग खडे. वरून, बाजूनं, जांभळे, पांढरे, लेकुरवाळे, सगळे रोग बरे करणारे सगळे खडे आमच्या डोक्यांवर गारांसारखे बरसले. टोपल्याला इतकी भोकं पडली की पुढं त्यातून वाळू चाळायचे.

धूर विरला. सगळं शांत. वरून किसनरावांचा रडवेला आवाज, “इवाई! ओ इवाई!” तात्या उत्तर देईनात. मला वाटलं, झालं, लग्न तर लग्न, आता तेराव्यालाच बोलावतील. मग ते म्हणाले, “श्श. ऐका.”

खाली तळाला खळखळ चालू होती. समोरच्या कोपऱ्यातून हाताच्या पंजाएवढी धार, मोकळी, गढूळ, मातकट, जणू कुणी आत अडवून धरली होती आणि आता सोडली. तळ भिजला, मग झाकला.

“पाणी!” मी ओरडलो.

“पाणी!” तात्या माझ्याहून मोठ्यानं ओरडले. “मला पवता येत न्हाई! काढा मला!”

पाणी घोट्याइतकंही नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला घोटा आणि गळा यांत फरक कळत नाही. ते तोंडाशी अडकून हातपाय मारायला लागले. मी आत, ते तोंडात, बाहेर पडायला मलाही दुसरी वाट नव्हती. माझ्यासमोर फक्त त्यांची पाठ. सकाळची वेळ टळून गेलेली, पोट भाकरीनं भरलेलं, म्हणजे शास्त्राप्रमाणे काहीच बरोबर नव्हतं. पण मी डोळे मिटले, जन्मताना केलं होतं तसं दोन्ही पाय पुढं केले आणि लावली.

तात्या बाटलीच्या बुचासारखे निघाले ते थेट टोपल्यात. म्हादूनं चाक फिरवलं. तात्या वर आले, केसांत खडे चमकत होते, धोतराचा पत्ता नव्हता, आतली चड्डी मात्र परतुरी शिलाईची, मजबूत. आणि ते सरळ उभे होते. खांबासारखे. गावानं टाळ्या वाजवल्या.

ते म्हणाले, “माझे बूट कुणी नेल्ते?”

दिगंबर पुढं आला. “मी, मामा. धूळ बसली होती. पुसायला नेले.”

तात्यांनी बूट बघितले. त्यात त्यांचं तोंड दिसत होतं. मग विहिरीत बघितलं. मग दिगंबरला बघितलं. “पोरगं कामाचं हाय,” म्हणाले. “मारता मारता राह्यलं, पण कामाचं हाय. सुपारी आणा.”

पाठ कशानं बरी झाली यावर गावात तीन तट पडले. एक गारेचा, एक माझ्या लाथेचा. गुरुजी पुन्हा एकदा मोहात पडले आणि म्हणाले, “बाराच्या हादऱ्यानं मणका जागेवर बसला असंल.” दुसऱ्या दिवशी पाठदुखीची सात-आठ माणसं माझ्याकडं आली, एकेक बार शेजारी बसवून द्या म्हणून. गुरुजींनी त्यानंतर दगडावर एक शब्द काढला नाही.

पोकळी मात्र संपली. एकही खडा भिंतीला राहिला नाही. पण पाणी बघून माझ्या वचनाची आठवण कुणी काढली नाही. लोकांनी तुकडे गोळा करून नेले, कुणी देव्हाऱ्यात ठेवले, कुणी वजनमाप म्हणून. पाण्याचा थेंब असलेला तो पेरूएवढा खडा तात्यांच्या बुडाखाली सापडला, दोन तुकडे होऊन, आत कोरडा. माणूस नव्हता तेव्हापासून जपलेलं ते पाणी परतूरच्या एका अडत्याच्या धोतरात जिरलं, आणि ते धोतरही सापडलं नाही. ह्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. एवढ्या गोष्टीत मी अतिशयोक्ती करत नाही. रिकामी खाच असलेला अर्धा तुकडा मी बराच काळ खिशात बाळगला आणि कधीकधी, कुणी बघत नसताना, तो कलता करून बघायचो.

लग्न झालं. दणक्यात झालं. मांडवात मला मानाचा फेटा मिळाला, आणि जेवायला आलेल्या अर्ध्या माणसांना मी ही गोष्ट सांगितली, उरलेल्या अर्ध्यांना म्हादूनं, त्यात तो स्वतः पोकळीत होता.

पुढं मोसंबीची रोपं हातभर झाली तेव्हा किसनरावांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, सगळा थाट. माझ्या ताटाशेजारी पाण्यानं भरलेला तांब्या, माझ्याच विहिरीचा. किसनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, “ह्यो माणूस जिवावर उदार झाला म्हणून आपल्या दारात गंगा आली.” मी मान खाली घालून ऐकत होतो, पण एकही शब्द सुटू देत नव्हतो. सुमन भाकरी वाढायला आली. ज्या पोरीसाठी एवढा डोंगर फोडला तिच्या तोंडून दोन शब्द ऐकावेत म्हणून मी ताटातून वर बघितलं, छाती जरा पुढं काढली आणि विचारलं, “काय सूनबाई, कसं काय लागलंय आमचं पाणी?”

तिनं ताटात भाकरी ठेवली, माझा तांब्या सरळ केला आणि म्हणाली, “डाळ शिजत न्हाई त्यात.”